हेजहॉगची वाटी भरण्यापूर्वी

तळहातावर मावणारा, पाठीवर काट्यांचे जंगल आणि पुढे ओलसर टोकदार नाक असलेला एक प्राणी सध्या मोबाइलच्या पडद्यावर फार लोकप्रिय आहे. त्याचे नाव आफ्रिकन पिग्मी हेजहॉग. मोठ्या शहरांत तो पाळणारे आहेत, आणि शहरातली हौस तालुक्याच्या गावी पोहोचायला आता वेळ लागत नाही. भद्रावतीच्या आयुध निर्माणी वसाहतीतल्या किंवा बाजारपेठेतल्या एखाद्या घरात मुलांनी हट्ट धरला, तर तो पुरवणारा विक्रेता फोनवर सापडू शकतो. अडचण पुढे सुरू होते. प्राणी घरी आल्यावर पहिला प्रश्न पडतो, याला रोज खायला काय द्यायचे? खरे तर हा प्रश्न प्राणी घरी आणण्यापूर्वी विचारायला हवा. ज्या घराकडे त्याचे नेमके उत्तर नाही, त्या घराने हा प्राणी आणू नये.

आधी प्राणी ओळखायला हवा. चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलात काटेरी प्राणी दिसला तर तो बहुतेक साळिंदर असतो, म्हणजे आपली सायाळ. अंगावर काटे आहेत म्हणून हेजहॉगला तिचे पिल्लू समजणे सोपे आहे, पण दोघांचे नाते फार दूरचे. सायाळ हा उंदराच्या कुळातला, कुरतडून खाणारा प्राणी. कंदमुळे, साली, पडलेली फळे, शेतातले पीक यांवर तिचे पोट चालते आणि वजन दहा किलोच्या पुढे जाते. हेजहॉग चिचुंद्रीच्या जवळचा. पाळीव हेजहॉगचे वजन साधारण तीनशे ते सहाशे ग्रॅम, आणि मुख्य अन्न किडे. एकाला कंद लागतो, दुसऱ्याला रातकिडा. निव्वळ काटे पाहून दोघांसमोर सारखे अन्न ठेवले, तर एकाची उपासमार ठरलेली.

भारतातही हेजहॉगच्या स्वतःच्या जाती आहेत. राजस्थान-गुजरातच्या कोरड्या माळरानात दोन आणि दक्षिणेकडे एक. त्या वन्यप्राणी आहेत. त्यांना पकडून घरात ठेवणे वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार चालत नाही. सायाळीच्या पिल्लालाही तेच लागू. त्यामुळे पुढे जे लिहिले आहे ते केवळ पाळीव आफ्रिकन हेजहॉगबद्दल आहे, आणि तोही कायदेशीर मार्गाने आल्याचे कागद विक्रेत्याने दाखवले तरच.

आता त्याचे तोंड आणि पोट पाहू. हेजहॉगला ३६ दात असतात. ते उंदराच्या पुढच्या दातांसारखे आयुष्यभर वाढत नाहीत. कठीण दाणे कुरतडण्यासाठी ते नाहीत, किड्याचे कवच फोडण्यासाठी आहेत. त्याची पचनसंस्था साधी आणि आखूड आहे. ससा किंवा गिनीपिग यांच्या आतड्याला अंधांत्र नावाची मोठी पिशवी असते. तिच्यातले जिवाणू गवत-पाल्याचे तंतू आंबवून त्यातून पोषण मिळवून देतात. हेजहॉगला ही पिशवीच नाही. म्हणून भाकरी, भात, पाला, डाळ यांवर त्याचे पोट भरलेले दिसले तरी शरीराला हवे ते मिळत नाही. त्याला प्राणिज प्रथिने हवीत, चरबी बेताची हवी आणि किड्यांच्या कवचातून मिळणारा कायटिन नावाचा तंतू हवा.

आपल्याकडे लहान, अशक्त किंवा नव्याने आलेल्या कोणत्याही प्राण्यासमोर पहिल्यांदा ठेवली जाते ती दुधाची बशी. मांजराचे पिल्लू असो, खारीचे असो की पाखराचे, दूध-पोळी म्हणजे प्रेम असे समीकरण घराघरांत आहे. ही चूक केवळ आपली नाही. इंग्लंडमध्ये बागेत येणाऱ्या रानटी हेजहॉगसाठी पाव आणि दूध ठेवण्याची प्रथा कित्येक पिढ्या चालली. सस्तन प्राणी असूनही मोठ्या हेजहॉगला दुधातली साखर पचत नाही. त्याला जुलाब होतात, आणि एवढ्याशा शरीरातले पाणी थोड्या वेळात उतरले की जीव धोक्यात येतो. तिथे १९८२ मध्ये स्थापन झालेली ब्रिटिश हेजहॉग प्रिझर्वेशन सोसायटी लोकांना हेच सांगत आली आहे की दूध ठेवू नका, साधे पाणी ठेवा, आणि खायला द्यायचेच तर कुत्र्या-मांजराचे मांसयुक्त खाद्य द्या. पिढ्यान्‌पिढ्या प्रेमाने दिलेला घासही चुकीचा असू शकतो, हे मान्य करायला तिथे वेळ लागला. आपल्याला तेवढा वेळ घेण्याचे कारण नाही.

मग रोजच्या वाटीत काय असावे? उत्तर फार महागडे नाही, पण शिस्तीचे आहे. पशुवैद्यकांचा सर्वसाधारण सल्ला असा की आहाराचा पाया म्हणून हेजहॉगसाठी किंवा कीटकभक्षी प्राण्यांसाठी बनवलेले खाद्य वापरावे. ते मिळत नसेल तर मांजराचे चांगल्या दर्जाचे, कमी चरबीचे कोरडे खाद्य चालते. पाकिटावर ‘क्रूड प्रोटीन’ आणि ‘क्रूड फॅट’ असे दोन आकडे छापलेले असतात, ते वाचावेत. प्रथिने ३० टक्के किंवा थोडी अधिक आणि चरबी १० ते १५ टक्के असेल तर ते जवळपास योग्य. घटकांच्या यादीत पहिले नाव मांसाचे असावे, मक्याचे किंवा तांदळाचे नव्हे. वाढ झालेल्या प्राण्याला दिवसाला साधारण तीन ते चार लहान चमचे एवढे खाद्य पुरते. दाणे मोठे असतील तर फोडून द्यावेत.

त्यासोबत एखादा लहान चमचा ओला पदार्थ द्यावा. मीठ-मसाला न घालता उकडलेल्या कोंबडीचे बारीक तुकडे किंवा उकडलेल्या अंड्याचा लहानसा भाग. कधीतरी उकडलेले गाजर किंवा भोपळा, सफरचंदाचा नाहीतर पपईचा नखाएवढा तुकडा. फळ हे तोंडाची चव बदलण्यापुरते, जेवण म्हणून नव्हे. द्राक्षे, मनुका, कांदा, लसूण, चॉकलेट आणि अ‍ॅव्होकॅडो पूर्ण वर्ज्य. कच्चे मांस आणि कच्चे अंडे नको. शेंगदाणे, फुटाणे, बदाम हे लहान मुलांच्या खिशातले पदार्थ तर मुळीच नकोत, कारण कठीण तुकडा त्याच्या टाळूत अडकून बसतो आणि त्याला तो काढता येत नाही. हा प्राणी रात्री जागतो, तेव्हा वाटी सकाळी न भरता दिवेलागणीला भरावी. ताजे पाणी मात्र चोवीस तास हवे.

किड्यांचा भाग आला की अनेक घरांत नाक मुरडले जाते. वास्तविक या भागातल्या माणसांना किडा हे अन्न म्हणून परके वाटायला नको. गडचिरोलीच्या माडिया गावांत लाल मुंग्यांची चटणी आवडीने खाल्ली जाते, आणि तिच्यात प्रथिने आहेत हे सांगायला प्रयोगशाळेची गरज पडली नाही. हेजहॉगसाठी किडे म्हणजे त्याचा मूळ आहार. आठवड्यातून तीन-चार वेळा थोडे रातकिडे किंवा मीलवर्म मिळाले तर पोषणही होते आणि शोधून, पकडून खाण्याचा व्यायामही होतो. पण इथेही एक मेख आहे. मीलवर्ममध्ये चरबी बरीच असते, आणि फॉस्फरस कॅल्शियमच्या कितीतरी पट. केवळ तेच खाऊ घातले तर हाडे ठिसूळ होतात आणि वजन वाढते. म्हणून किडे देण्याआधी एक-दोन दिवस त्यांना कॅल्शियमयुक्त खाद्य आणि भाजीपाला खाऊ घालायचा असतो. किड्याच्या पोटात जे जाते तेच शेवटी हेजहॉगच्या पोटात जाते. वरून कॅल्शियमची पूड भुरभुरायची की नाही आणि किती, हे डॉक्टरांना विचारूनच ठरवावे.

‘विकत कशाला, पहिल्या पावसात दिव्याखाली ढीगभर किडे पडतात,’ असे कुणीही म्हणेल. हा मोह आवरायला हवा. भद्रावती तालुक्याच्या चारही बाजूंना कापूस, सोयाबीन आणि धानाची शेते आहेत, आणि पावसाळा हाच फवारणीचा हंगाम. शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात २०१७ मध्ये फवारणीच्या विषबाधेने शेतकरी आणि शेतमजूर दगावले होते. जे विष धडधाकट माणसाला लोळवते, ते अंगावर घेऊन दिव्याखाली आलेला किडा चारशे ग्रॅमच्या प्राण्याला सहज पुरतो. घरातल्या झुरळांचेही तेच, कारण त्यांनी कोणत्या कोपऱ्यातले औषध खाल्ले आहे ते कळत नाही. किडे द्यायचे तर खाद्य म्हणून वाढवलेलेच द्यावेत. ते भद्रावतीत मिळत नसतील, बाहेरगावाहून नियमित मागवणे जमणार नसेल, तर ही अडचण प्राणी आणण्यापूर्वीच लक्षात घेतलेली बरी.

आता मुख्य धोक्याकडे. पाळीव हेजहॉग उपासमारीपेक्षा लाडाने अधिक आजारी पडतो. मोकळ्या रानात तो रात्रभर भटकून अन्न शोधतो. पिंजऱ्यात वाटी समोरच असते. घरातला प्रत्येक जण येता-जाता एखादा किडा, एखादा तुकडा टाकतो. काही महिन्यांत त्याच्या काखेत आणि मानेखाली चरबीच्या वळ्या दिसू लागतात. घाबरल्यावर चेंडूसारखे गोल होणे हे त्याचे एकमेव संरक्षण, पण लठ्ठ झालेल्या हेजहॉगला पूर्ण मिटताच येत नाही. पोट आणि तोंड उघडे राहते. लठ्ठपणापाठोपाठ यकृतात चरबी साठते, आणि असा प्राणी एखाद्या आजाराने दोन-तीन दिवस जेवला नाही की यकृत साथ सोडते. मुलांना हे सांगायला हवे की गुबगुबीत हेजहॉग म्हणजे सुखी हेजहॉग नव्हे.

यावर उपाय साधा आहे. सोनार वापरतो तसा ग्रॅम दाखवणारा छोटा डिजिटल काटा घ्यावा, आठवड्यातून एकदा ठरलेल्या वारी वजन करावे आणि वहीत लिहावे. वजन हळूहळू चढत असेल तर वाटीतले कोरडे खाद्य थोडे कमी करावे, मीलवर्म बंद करावेत, आणि पिंजऱ्यात सपाट पृष्ठभागाचे फिरते चाक आहे ना ते पाहावे. वजन अचानक दहा टक्के उतरले, विष्ठा हिरवट किंवा पातळ झाली, वाटी सलग दोन रात्री तशीच राहिली, तर घरगुती उपाय न करता डॉक्टर गाठावा. खाद्य बदलायचे असेल तर आठ-दहा दिवसांत जुने कमी आणि नवे जास्त असे करत बदलावे.

वहीवर इतका भर देण्याचे एक कारण आहे. कुत्रा आणि मांजर यांना कोणते पोषक घटक किती लागतात याचे प्रमाणित तक्ते तयार झालेले आहेत आणि खाद्य कंपन्या त्यांच्या आधारे पाकिटे भरतात. हेजहॉगसाठी असे सर्वमान्य तक्ते नाहीत. पाकिटावर हेजहॉगचे चित्र आणि ‘संपूर्ण आहार’ अशी ओळ असली म्हणून आत खरेच संपूर्ण आहार आहे असे होत नाही. काही पाकिटांत सुकी फळे आणि धान्यच जास्त भरलेले असते. तेव्हा भरवसा चित्रावर न ठेवता घटकांची यादी, वजनाचा काटा आणि विष्ठा यांवर ठेवावा.

भद्रावतीत या आहाराला हवामानाचीही अट आहे. हेजहॉगला सुमारे २४ ते २९ अंश सेल्सिअस तापमान मानवते. चंद्रपूर जिल्ह्यातला मे महिना ४५ अंशांच्या पुढे जातो आणि डिसेंबर-जानेवारीच्या रात्री चांगल्याच गारठ्याच्या असतात. दोन्ही ऋतूंत प्राणी खाणे सोडतो, पण कारणे निराळी. उन्हाळ्यात तो पाय पसरून निपचित पडतो. तो उष्माघात असू शकतो. अशा वेळी आवडीचा पदार्थ पुढे करण्यात अर्थ नाही, थंड खोली आणि पाणी हवे. वीज गेली आणि कूलर बंद पडला तर काय करायचे, याची सोय आधीच ठरलेली असावी. ओले अन्न तर वैशाखात दोन तासांत आंबते, ते उचलून टाकलेच पाहिजे. थंडीत उलटे होते. खोली फार गार झाली की हा प्राणी सुस्त होऊन शीतनिद्रेत जाऊ पाहतो. पाळीव आफ्रिकन हेजहॉगला ती झेपत नाही आणि तीतून तो मरू शकतो. पोट गार लागत असेल, चालताना तोल जात असेल, तर त्याला हळूहळू ऊब द्यावी आणि लगेच डॉक्टरांना दाखवावे. ‘नखरे करतोय, भूक लागली की खाईल’ हा समज अशा वेळी जीव घेतो.

घरातल्या माणसांच्या आरोग्याचा मुद्दाही याच वाटीशी जोडलेला आहे. अमेरिकेत २०१९ आणि २०२० मध्ये पाळीव हेजहॉगच्या संपर्कातून साल्मोनेलाची लागण झाल्याचे तिथल्या रोगनियंत्रण केंद्राने नोंदवले होते. वरवर निरोगी दिसणाऱ्या हेजहॉगच्या विष्ठेतूनही हा जिवाणू बाहेर पडू शकतो. पाच वर्षांखालील मुले, वृद्ध आणि प्रतिकारशक्ती कमी असलेले रुग्ण यांना त्याचा त्रास अधिक. म्हणून त्याची वाटी आणि चाक स्वयंपाकघरातल्या मोरीत धुवू नये, खाद्य आणि किडे माणसांच्या अन्नापासून वेगळे ठेवावेत, हाताळल्यावर साबणाने हात धुवावेत, आणि कितीही गोंडस वाटला तरी त्याला तोंडाजवळ नेऊ नये.

राहिला शाकाहारी घरांचा प्रश्न. भद्रावती हे जैन तीर्थ आहे, आणि इथल्या कितीतरी घरांत अंडेही येत नाही. ती श्रद्धा आदराचीच आहे. पण घराचा नियम प्राण्याच्या आतड्याला लागू होत नाही. पनीर, सोयाबीनच्या वड्या किंवा डाळ देऊन हेजहॉग शाकाहारी होत नाही, तो केवळ सावकाश आजारी पडतो. जिवंत किडे वाढवून दुसऱ्याला खाऊ घालणे ज्या घराला पटत नाही, त्या घराने गवत-पाला खाणारा ससा किंवा गिनीपिग निवडावा. त्यात प्राण्याचे पोट भरते आणि घराचे मनही राखले जाते. ज्याला आपण मनापासून जेवू घालू शकतो, तोच प्राणी आपला.

गडचिरोली जिल्ह्यात हेमलकसा इथे डॉ. प्रकाश आमटे यांनी अनाथ वन्यप्राण्यांना दिलेला आसरा सर्वांना ठाऊक आहे. शिकारीत आई गमावलेल्या माकडाच्या पिल्लापासून त्या कामाची सुरुवात झाली. काहींना त्या उदाहरणातून असे वाटते की प्रेम असले की कुठलाही प्राणी घरात सांभाळता येतो. धडा याच्या उलट आहे. तिथे आयुष्ये वाहिली गेली आहेत. बिबट्याचे ताट वेगळे, सायाळीचे वेगळे, आणि ते रोज, वर्षानुवर्षे, न चुकता भरावे लागते. शेताच्या बांधावर किंवा जंगलाच्या कडेला रानातले पिल्लू सापडले, तर ते उचलून दूध पाजण्याऐवजी वन विभागाच्या १९२६ या मदतवाहिनीवर कळवणे हाच त्याच्यासाठी खरा घास.

पाळीव हेजहॉगबाबत शेवटचा हिशेब डॉक्टरांचा. तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात गाय, बैल, शेळी, कोंबडी यांवर उपचार होतात. हेजहॉग तिथे रोज येणारा रुग्ण नाही. मोठे पशुवैद्यकीय महाविद्यालय नागपुरात, म्हणजे सव्वाशे किलोमीटरच्या आसपास. चार-पाच वर्षांचे आयुष्य असलेला प्राणी आजारी पडल्यावर रात्री तेवढे अंतर कापण्याची तयारी आहे का, हे मुलाच्या वाढदिवसाआधी घरातल्या मोठ्यांनी एकमेकांना विचारावे. अमेरिकेत कॅलिफोर्निया आणि हवाई या राज्यांनी तर हेजहॉग पाळायलाच मनाई केली आहे. आपल्याकडे सरकारने मनाई करेपर्यंत थांबायची गरज नाही. घरच्या घरी नकार देता येतो.

ज्यांच्याकडे हा प्राणी आधीच आहे, त्यांनी अपराधी वाटून घेण्यापेक्षा आजच्या वाटीपासून सुरुवात करावी. दुधाची बशी उचलावी, पाण्याची ठेवावी. मांजराच्या खाद्याच्या पाकिटावरचे दोन आकडे वाचावेत. वजनाची वही सुरू करावी. आणि ज्यांच्याकडे तो अजून आलेला नाही, त्यांनी एक महिना रोज रात्री दिवेलागणीला एक रिकामी वाटी धुऊन, मोजून भरून ठेवून पाहावी. तीस दिवसांत ती किती वेळा विसरली गेली, हा आकडा विक्रेत्याच्या कोणत्याही व्हिडिओपेक्षा अधिक खरे सांगेल.